बाप आणि वयात येणारी मुलं: सोलापुरातून वारंवार येणारे प्रश्न

समुपदेशक म्हणून आठवी ते बारावीच्या मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी बोलणं हे माझं रोजचं काम. पालकसभा संपल्यावर दारात थांबून विचारलेले, रात्री उशिरा मोबाईलवर आलेले आणि काही मुलांनीच चिठ्ठीवर लिहून दिलेले प्रश्न इथे एकत्र केलेत. विचारणाऱ्यांत आया जास्त असतात. बाप बहुतेक वेळा "माझ्या एका मित्राच्या घरी असं झालंय" इथून सुरुवात करतात. तेही चालतं. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जातो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. भावनिक सुरक्षितता म्हणजे नक्की काय? आम्ही पोरांना कशाचीच कमी पडू देत नाही.

फी वेळेवर भरणं, ओव्हरटाईम करून क्लास लावणं हेही प्रेमच आहे आणि मुलांना ते कळतं. पण इथे विषय थोडा वेगळा आहे. मुलाला मनातून दोन गोष्टींची खात्री हवी असते. अडचणीत सापडलो तर घरात कुणाकडे तरी जाता येईल, ही एक. माझं चुकलं, मार्क कमी पडले, भांडण झालं तरी मी यांना नकोसा होणार नाही, ही दुसरी.

ही खात्री असलेलं मूल मैत्रीत "नाही" म्हणू शकतं आणि समोरच्याचं "नाही" ऐकूही शकतं. ती नसली की मुलं दोन टोकांना जातात. काही चिकटतात; मेसेजला दहा मिनिटांत उत्तर आलं नाही की जीव वरखाली होतो. काही कुणाला जवळच येऊ देत नाहीत आणि "मला कुणाची गरज नाही" असं मिरवतात. लहान मुलांच्या आईबापाशी असलेल्या ओढीत दिसणारे हेच नमुने मोठ्यांच्या प्रेमसंबंधांतही दिसतात, हे सिंडी हझान आणि फिलिप शेव्हर यांनी १९८७ मध्ये मांडलं. तेव्हापासून या विषयावर भरपूर काम झालंय.

२. हे सगळं आईचं खातं नाही का? बाप त्यात वेगळं काय करतो?

बरीच वर्षं अभ्यासकही असंच समजत होते. या विषयाचा पाया घालणारे जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात सगळा भर आईवर होता. बापाचं काम मुख्यतः आईला आधार देण्याचं. नंतर चित्र बदललं. जर्मनीत कारिन आणि क्लाउस ग्रॉसमन यांनी ४४ कुटुंबांचा मुलं १६ वर्षांची होईपर्यंत माग घेतला आणि २००२ मध्ये निष्कर्ष छापले. मूल दोन वर्षांचं असताना बाप त्याच्याशी कसा खेळतो, म्हणजे त्याला जरा अवघड काही करू देतो का आणि ते गांगरलं की थांबतो का, याचा संबंध त्या मुलाच्या दहाव्या आणि सोळाव्या वर्षीच्या मनातल्या सुरक्षिततेशी लागला.

हे सोलापूरकराला जर्मनीत जाऊन बघायची गरज नाही. संक्रांतीच्या आधी नंदीध्वजाचा (सिद्धेश्वराच्या यात्रेत कमरेवर तोलून नेतात त्या उंच, जड काठीचा) सराव चालतो तिथे जाऊन उभं राहा. नवशिक्या पोराच्या कमरेला वजन देताना अनुभवी माणूस दोन पावलांवर असतो. हात लावत नाही, पण तोल जातोय असं दिसलं की त्याचा हात आधी पोचलेला असतो. "सोड, तुला नाही जमायचं" असं तो म्हणत नाही आणि पोराला एकट्याला टाकून चहालाही जात नाही. वयात येणाऱ्या मुलाच्या बापाला जवळपास हेच करायचं असतं.

आई हे करू शकत नाही असं अजिबात नाही. अनेक घरांत तीच करते (प्रश्न १५). पण बाप घरात असून करत नसेल, तर ती जागा रिकामी आहे हे मुलाला दिसत राहतं.

३. मुलगा पंधरा वर्षांचा झाला. लहानपणी मी वेळ दिलाच नाही. आता उशीर झाला का?

नाही. लहानपणी बसलेला नमुना टिकाऊ असतो, पण दगडावरची रेघ नसतो. किशोरवयात मुलं नाती नव्याने तपासत असतात, त्यामुळे उलट ही संधीच आहे. फक्त एकदम मित्र व्हायला जाऊ नका. दहा वर्षं न बोललेला बाप अचानक खांद्यावर हात टाकून "चल, मनातलं सांग" म्हणाला की मुलगा घाबरतो. त्याला वाटतं, शाळेतून तक्रार आली. छोट्या, ठरलेल्या गोष्टीपासून सुरुवात करा आणि ती तीन-चार महिने चुकवू नका. मुलगा सुरुवातीला परीक्षा बघेल. तुटक बोलेल, मुद्दाम उशिरा येईल. ती परीक्षा तुम्ही किती दिवस टिकता याची असते.

४. मी यंत्रमागावर रात्रपाळी करतो. मुलगी शाळेतून येते तेव्हा मी निघतो. वेळ आणायचा कुठून?

तासांचा हिशोब सोडा. दिवसातला एक ठरलेला संपर्क पुरतो, पण तो रोजचा हवा. सकाळी पाळीवरून आल्यावर तिच्याबरोबर घेतलेला चहा, किंवा निघताना दारात दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत अभ्यासाची चौकशी करायची नाही, एवढीच अट.

मागावरच्या बापांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. बारा-बारा तास खडखडाटात काम करून तुमचा आवाज चढलेला असतो. शेडमध्ये त्याशिवाय ऐकूच येत नाही. घरात तुम्ही साधं "पाणी दे" म्हणता आणि मुलीला वाटतं, पप्पा चिडलेत. एका मुलीने मला सांगितलं होतं की पप्पा रोज रागावतात. बापाला विचारलं तर तो खरोखर गोंधळला. त्याच्या मते तो कधीच रागावत नव्हता. दोघंही खरं बोलत होते. हे घरात एकदा स्पष्ट सांगून टाका: "माझा आवाज मोठा आहे, तो राग नसतो. राग आला की मी तसं सांगेन." आणि कान एकदा तपासूनही घ्या.

५. काहीही विचारलं की "हं", "काय नाही", "माहीत नाही". बोलायचं कसं?

समोर बसवून विचारू नका. ते मुलाला चौकशीसारखं वाटतं. गाडीवर मागे बसलेलं मूल जास्त बोलतं, कारण तोंडं एकमेकांकडे नसतात. सात रस्त्याला क्लासला सोडायला जाता तेव्हा थोडा लांबचा रस्ता घ्या. गाडी धुताना, पंखा उतरवून पुसताना, शेंगा निवडताना बोला. आणि प्रश्नाऐवजी स्वतःचं काहीतरी सांगा: "आज मालकाने सगळ्यांसमोर झापलं, दिवसभर डोक्यात तेच होतं." बापालाही लाज वाटते, वाईट वाटतं हे बहुतेक मुलांना माहीतच नसतं.

मुलाने काही सांगितलं तर लगेच उपाय देऊ नका. "मग तू काय केलंस?" एवढंच विचारा. आपल्याकडे बापाचं सगळं प्रेम "जेवलास का बे?" या एका वाक्यात मावतं. ते वाक्य सोडायचं नाही, त्याच्या पुढे आणखी एखादं जोडायचं.

६. घरात मी आई म्हणून सगळं सांभाळते. मुलं मला सांगतात, मी त्यांच्या पप्पांना सांगते. यात वाईट काय?

माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या निम्म्या घरांची खरी अडचण हीच असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निरोप कसे फिरतात बघा. "पप्पांना विचारते." "पप्पा येऊ देत, मग सांगते." उलट दिशेने: "तुझ्या लेकीला सांग, सातच्या आत घरात." होता होता बाप म्हणजे परवानगीची खिडकी आणि तक्रारपेटी एवढाच उरतो. चांगली बातमी त्याला शिळी होऊन मिळते, वाईट बातमी मीठमसाला लागून किंवा मुळीच नाही. मग तो एखाद्या दिवशी शेजाऱ्याकडून काहीतरी ऐकतो आणि घरात स्फोट होतो. मुलं म्हणतात, "बघ, म्हणूनच सांगत नव्हतो."

मुलं यातून एक पद्धत उचलतात: अवघड बोलणं थेट करायचं नसतं, तिसऱ्याला मधे घालायचं असतं. पुढे मैत्रिणीशी बिनसलं की मित्राला पाठवतात, किंवा स्टेटस ठेवून टोमणा मारतात. लग्नानंतर हेच काम सासू किंवा नणंद करते.

आयांनी मधे पडणं का सुरू केलं, तेही समजून घ्यायला हवं. बहुतेकींनी मुलांना बापाच्या रागापासून वाचवण्यासाठी ते केलेलं असतं. काहींना (रागावू नका) घरातली सगळी सूत्रं आपल्या हातात असण्याची सवयही झालेली असते. त्यामुळे मधून बाजूला होणं हळूहळू करा. आधी आनंदाच्या, बिनधोक गोष्टी: कबड्डीच्या संघात निवड झाली, तर "तूच सांग त्यांना." मग पैशाच्या छोट्या मागण्या. मग सहलीची परवानगी. तुम्ही शेजारी बसा, पण गप्प बसा. बापाने पहिल्या काही वेळेला लगेच "नाही" म्हणायचं नाही, "उद्या सांगतो" म्हणायचं आणि उद्या खरंच सांगायचं. घरात मारहाण असेल तर मात्र हे लागू नाही. प्रश्न १४ बघा.

७. मला राग आवरत नाही. परवा मोबाईलवरून पोराला सगळ्यांसमोर वाजवली. आता काय करू?

बहुतेक बाप दुसऱ्या दिवशी काहीतरी घेऊन येतात. भेळ, नवे बूट, नाहीतर रिचार्ज. मूल खातं, बूट घालतं आणि सगळे धरून चालतात की मिटलं. पण काय मिटलं हे कुणीच बोललेलं नसतं. मुलाच्या हाती एवढंच लागतं की मोठ्या भांडणावर बोलायचं नसतं, वस्तू द्यायची असते.

बापाकडून मूल नात्याबद्दल जे शिकतं, त्यात माझ्या मते सगळ्यात मोलाचं हे: बिनसल्यावर माणूस परत येतो का, आणि येतो तो कसा. अमेरिकेतले एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई आणि तान्ह्या बाळांचे व्यवहार चित्रित करून तपासले, तेव्हा चांगल्या जोड्यांतही सूर जुळलेला वेळ निम्म्याहून कमी भरला. बाकी वेळ चुकणं आणि पुन्हा जुळवून घेणं चालू असतं. म्हणजे न चुकणारा बाप कुणाला नकोच आहे.

माफी साधी असावी. "काल मी तुला सगळ्यांसमोर मारलं. ते चुकलं. मोबाईलचं जे ठरलंय ते तसंच आहे, त्यावर संध्याकाळी बोलू." झालं. "पण तूही..." हे त्याच वाक्यात घालू नका, त्याने माफी पुसली जाते. मुलाने "ठीक आहे" म्हणायची वाट बघू नका. त्याने तोंड फिरवलं तरी तुमचं वाक्य त्याच्यापर्यंत पोचलेलं असतं. मारलं सगळ्यांसमोर होतं, तर चुकलं हेही निदान त्यातल्या एकासमोर म्हणा.

आणि पुढच्या वेळेसाठी: हात उठतोय असं वाटलं की जागा सोडा, पण सांगून. "मी आता खूप चिडलोय, खाली जाऊन येतो, मग बोलू." न सांगता निघून जाणं आणि नंतर तीन दिवस अबोला धरणं हे मुलांना थपडेपेक्षा जास्त झोंबतं. दर महिन्याला मारायचं आणि दर महिन्याला माफी मागायची असं चाललं असेल, तर माफीचा उपयोग संपलेला आहे. तिथे स्वतःसाठी मदत घ्या.

८. धाक नको म्हणता. मग शिस्त कशी लावायची?

शिस्त नको असं कुणी म्हणत नाही. वागण्यावर मर्यादा घालणं वेगळं आणि मनाला वेठीस धरणं वेगळं. "रात्री नऊनंतर बाहेर नाही", "परीक्षेच्या महिन्यात गेम बंद" ही पहिल्यातली उदाहरणं. मुलं कुरकुरतात, पण त्याने खचत नाहीत. "एवढं तुझ्यासाठी केलं आणि तू हे पांग फेडलेस", "तू माझा मुलगाच नाहीस", किंवा मन मोडलं की बोलणंच बंद, हे दुसऱ्यातलं.

व्हर्जिनिया विद्यापीठाच्या गटाने १८४ मुलांचा वयाच्या १३ पासून ३२ पर्यंत पाठपुरावा केला. तेराव्या वर्षी ज्यांना आईबाप असे मनाला वेठीस धरणारे वाटत होते, त्यांना विशीच्या उत्तरार्धात जोडीदाराकडून आधार कमी मिळत होता आणि ३२ व्या वर्षी ती नात्यात असण्याचं प्रमाणही कमी होतं. अभ्यास २०२१ मध्ये छापून आला. तो अमेरिकेतला आहे, आपल्या घरांना जसाच्या तसा लावू नये. पण "पांग फेडलेस" ऐकत मोठी झालेली माणसं तुमच्याही ओळखीत असतील.

९. मुलाचा मोबाईल गुपचूप तपासावा का?

सातवी-आठवीपर्यंत मोबाईल घरातल्या सगळ्यांसमोर वापरायचा आणि पासवर्ड आईबापाला माहीत, हा उघड नियम ठेवा. चोरून बघू नका. स्वीडनमध्ये हाकन स्टाटिन आणि मार्गारेट केर यांनी १४ वर्षांच्या मुलांवर केलेल्या, २००० मध्ये छापलेल्या अभ्यासातून एक गंमत पुढे आली: मुलांच्या बाहेरच्या जगाची आईबापाला जी माहिती असते, ती मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितल्यामुळे असते, पाळत ठेवल्यामुळे नव्हे. पाळत पकडली गेली की हे आपणहून सांगणंच आधी बंद होतं. पैशांची फसवणूक, फोटोवरून धमकी, जीव देण्याची भाषा असा संशय असेल तर अपवाद. तेव्हाही "मी बघणार आहे" असं सांगून बघा.

१०. मुलगी वयात आली. बापाने आता थोडं अंतर ठेवलेलं बरं, असं घरातले म्हणतात.

तिच्या खोलीत टकटक करून जाणं, जवळ घेण्याआधी तिला चालेल का हे बघणं, हे अंतर चांगलं. पण बऱ्याच घरांत बाप अवघडून एकदम मागे सरतो. कालपर्यंत गाडीवर पुढे बसवून गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, नेणारा माणूस आज तिच्याशी फक्त आईमार्फत बोलतो. का, ते कुणीच सांगत नाही. मग मुलगी स्वतःच अर्थ लावते: माझ्यातच काहीतरी बिघडलंय.

बोलण्याचे विषय तसेच चालू ठेवा. क्रिकेट असेल तर क्रिकेट, शेअर बाजार असेल तर तो. मेडिकलमधून सॅनिटरी पॅड आणायचे असतील तर सरळ मागून आणा. रंग, वजन, उंची यावर थट्टेतही बोलू नका. बापाने हसत म्हटलेलं "जाडे" मुली वर्षानुवर्षं विसरत नाहीत. आणि तिच्या आईशी तुम्ही कसं बोलता हे ती बघत असते. पुरुषाने आवाज चढवणं, पैशावरून टोचणं यातलं किती चालवून घ्यायचं, याचं तिचं माप तिथेच तयार होतं. "मुली बापासारखाच नवरा शोधतात" हे मात्र जरा जास्तच ताणलेलं विधान आहे. मोठेपणीच्या निवडीवर इतरही पुष्कळ गोष्टींचा हात असतो.

११. मुलगा असून जरा जरा गोष्टीला रडतो. कडक करायला नको का?

रडू आवरायला शिकवण्याआधी रडू कशाचं आहे हे विचारा. जॉन गॉटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात दाखवलं की ज्यांच्या घरी भावनेला नाव देऊन बोललं जातं, त्या मुलांना स्वतःला शांत करणं जास्त जमतं. "बायकांसारखा रडू नकोस" याने रडणं थांबत नाही, फक्त राग बनून बाहेर येतं, आणि राग मुलग्याला शोभतो असं आपण धरून चालतो. पुढे त्याची बायको म्हणते, "हे काही बोलतच नाहीत, नुसते चिडतात." बोलायचं कसं हे त्यालाही कुणी शिकवलेलं नसतं.

१२. मुलीचं (किंवा मुलाचं) प्रेमप्रकरण कळलं. मुलगा दुसऱ्या जातीचा आहे. घरात रणकंदन चाललंय. काय करावं?

पहिल्या दिवशी काहीही ठरवू नका. शाळा बंद, मोबाईल जप्त, मामाकडे रवानगी, घाईने स्थळ बघणं, हे सगळे निर्णय त्याच रात्री होतात आणि त्यातले बहुतेक नंतर नडतात.

आधी कायदा. मुलांवरचे लैंगिक अत्याचार रोखणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या व्यक्तीची शारीरिक संबंधाला संमती ग्राह्य धरली जात नाही. दोघंही सतरा वर्षांचे असले आणि दोघांच्या मर्जीने झालेलं असलं तरी तक्रार गेली की प्रकरण गंभीर होतं. अल्पवयीन मुलगा बाल न्याय मंडळापुढे उभा राहू शकतो. लग्नाचं वय मुलीला १८ आणि मुलाला २१. त्याआधी लग्न लावून "प्रकरण मिटवणं" हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्यात लावून देणारे आईबापही येतात. हे मुलांना शांतपणे सांगा, धमकी म्हणून नको. अनेकांना हे माहीतच नसतं.

मग नातं. या वयात कुणी आवडणं यात बिघाड काही नाही. तुम्हाला शोधायचंय ते वेगळं: त्या नात्यात तिच्यावर जबरदस्ती होते का? "फोटो पाठव, नाहीतर सोडून जाईन" असं कुणी म्हणतं का? मैत्रिणी तुटल्या का? समोरचा वयाने खूप मोठा आहे का? ही माहिती तीच देऊ शकते, आणि तुम्ही ओरडलात तर देणार नाही. "मला हे पटलेलं नाही. पण तुला कुणी त्रास दिला तर पहिला फोन मला कर, तेव्हा मी तुला रागावणार नाही." नापसंती आणि आधार एकाच वेळी देता येतात. दिलेला शब्द मात्र पाळा.

जातीबद्दल थेटच लिहितो. वयात येणारी मुलं आपल्या शाळेत, गल्लीत, गणपती मंडळात सगळ्यांत मिसळतात. या शहरात एका बाकावर घरी तीन भाषा बोलणारी तीन मुलं बसतात. जात हेच तुमचं पहिलं आणि मोठं कारण असेल, तर मूल बाकी सगळी खरी कारणंही, वय, शिक्षण, स्वभाव, ऐकेनासं होतं.

१३. तिचं ब्रेकअप झालंय म्हणे. जेवत नाही, बोलत नाही. एवढ्या-तेवढ्याचं काय, असं आम्हाला वाटतं.

तिला ते एवढंतेवढं वाटत नाही. "अशी छप्पन्न येतील" म्हणू नका. शेजारी बसा, ताट समोर ठेवा, जेवायचा आग्रह एकदाच करा. दोन आठवड्यांपुढे झोप, जेवण, शाळा सगळंच विस्कटलेलं असेल तर डॉक्टरांना दाखवा. "मी नसते तर बरं" असं काही बोलली, कुठे लिहिलेलं सापडलं, हातावर कापल्याच्या खुणा दिसल्या, तर त्याच दिवशी. थेट विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. तिला एकटं सोडू नका, औषधं आणि कीटकनाशकं हाताशी ठेवू नका. मानसिक त्रासात मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं.

१४. (एका मुलाची चिठ्ठी) पप्पा पिऊन येतात आणि मम्मीला मारतात. तुम्ही वरती सगळं बापाशी बोला म्हणता. मी काय बोलू?

तू काही बोलायची गरज नाही. वर लिहिलेलं तुझ्या घराला आत्ता लागू नाही. पिऊन आलेल्या माणसाला समजवायला जाऊ नकोस आणि मधे पडू नकोस. मारामारी सुरू झाली की लहान भावंडांना घेऊन बाहेर पड, ठरवून ठेवलेल्या घरी जा. ते घर कुठलं, हे आजच ठरव. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे, मम्मीसाठी १८१, आणि तातडीला ११२. शाळेत ज्या सरांवर किंवा बाईंवर तुझा विश्वास आहे त्यांना सांग.

पप्पांचं पिणं तुझ्यामुळे नाही आणि ते थांबवणं तुझ्या हातात नाही. आणि ते शुद्धीत असताना तुला आवडत असतील, तर त्याची लाज वाटून घेऊ नकोस.

१५. माझे मिस्टर वारले. मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्याचं कसं होणार?

बाप नसलेली मुलं कमीच पडतात, हे खरं नाही. एका तरी मोठ्या माणसाशी घट्ट, भरवशाचं नातं असणं याला जास्त वजन आहे आणि ते माणूस तुम्ही असू शकता. दिवसभर विड्या वळून मुलांना वाढवणाऱ्या, त्यांना चांगलं माणूस करणाऱ्या बायका या शहरात घरटी दिसतील.

मामा, काका, आजोबा, तालमीतले वस्ताद यांच्यापैकी एखादा नियमित येणारा पुरुष असला तर छान. "नियमित" हे महत्त्वाचं. वर्षातून दोनदा येऊन उपदेश करणारे नकोत. मुलाला "आता तूच घरातला कर्ता" म्हणू नका, चौदाव्या वर्षी ते फार जड जातं. आणि त्याच्या वडिलांबद्दल घरात बोलत राहा, त्यांच्या खोड्यांसकट. फोटोला हार घातला की माणसाबद्दल बोलणं थांबतं, ते होऊ देऊ नका.

वडील वेगळे राहत असतील तर एवढंच जास्तीचं: भेटीचा वार पाळला जाईल असं बघा आणि मुलाकडून तिकडच्या घरच्या बातम्या काढू नका.

१६. नवराबायकोचं आमचं पटत नाही. पण मुलांसमोर आम्ही भांडत नाही.

मुलांना कळतंच. वाईट भांडणापेक्षा न संपणारं भांडण मुलांना जास्त पोखरतं. एखाद्या साध्या मुद्द्यावर त्यांच्यासमोर वाद झाला तर मिटवणंही त्यांच्यासमोर होऊ द्या. बाकी प्रश्न ६ आणि ७ मधलं इथेही लागू आहे.

१७. मुलगा यंदा गड्ड्यावर आमच्याबरोबर यायलाच तयार नाही, मित्रांबरोबर जातो म्हणतो. आपल्यापासून तुटला का?

नाही. पंधराव्या वर्षी हेच व्हायला हवं. पैसे द्या, परतायची वेळ ठरवा आणि आल्यावर काय खाल्लं ते विचारा.

१८. माझ्या वडिलांनी मला कधी जवळ घेतलं नाही. त्यांच्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती. मग मला हे कसं जमणार?

हा प्रश्न बाप मंडळी सगळ्यात हळू आवाजात विचारतात. मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात आईबापांच्या लांब मुलाखती घेतल्या, त्यांच्या स्वतःच्या बालपणाबद्दल. मूल सुरक्षित असण्याशी जास्त जुळलं ते हे, की पालक आपलं बालपण, चांगलं-वाईट दोन्ही, सरळ आणि सुसंगत सांगू शकतो का. ज्यांचं बालपण कठीण गेलं पण ज्यांनी ते नीट समजून घेतलं होतं, त्यांची मुलंही सुरक्षित असू शकतात.

तेव्हा "आमच्या अप्पांनी मारून मारून घडवलं, म्हणूनच आज उभा आहे" हे वाक्य एकदा उलगडून बघा. मार खाताना काय वाटायचं? नंतर कोण जवळ यायचं? अप्पांना कशाची भीती होती? हे बायकोला, मित्राला सांगा. मुलालाही थोडं सांगा. वडिलांना दोष देत बसायचं नाही, त्यांना देवही बनवायचं नाही. सुरुवातीला जवळ घेणं कृत्रिम वाटेल. पाठीवर थाप चालते, तिथून सुरू करा.

१९. घरात तेलुगू, बाहेर मराठी, शाळेत इंग्रजी. मुलांशी मनातलं कुठल्या भाषेत बोलावं?

ज्या भाषेत तुम्ही रागावता, त्याच भाषेत कौतुकही करा. काही घरांत रागवणं मातृभाषेत आणि कौतुक तेवढं इंग्रजीत चालतं. मुलाने दुसऱ्या भाषेत उत्तर दिलं तर दुरुस्त करू नका.

२०. मुलाचे वडील समुपदेशकाकडे यायला तयारच नाहीत. "मी काय वेडा आहे का" म्हणतात.

"तुमचं चुकतंय म्हणून बोलावलंय" असा निरोप गेला असेल तर कुणीच येणार नाही. "पोराबद्दल त्यांना जे दिसतं ते मला सांगता येत नाही, ते तुमच्याकडूनच हवंय" असं सांगा. ते खरंही आहे. पहिली भेट अर्ध्या तासाची, पाळीच्या वेळा बघून, शाळेतच ठरवा. दवाखान्याच्या पाटीला लोक बिचकतात, शाळेच्या फाटकाला नाही. तरीही आले नाहीत तर तुम्ही आणि मूल या. मी मग त्यांना सरळ फोन करतो. बरेचसे त्या फोनवर वीस-पंचवीस मिनिटं बोलतात आणि शेवटी विचारतात, "मंगळवारी किती वाजता येऊ?"